बिजलीला वडापाव कुणी दिला?

मुलुंडमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, हत्ती पहिल्यांदा कुठे पाहिलास? 'राणीच्या बागेत' असं उत्तर सगळेच देणार नाहीत. मी माझा पहिला हत्ती एलबीएस रोडवर पाहिला. एका बाजूला बेस्टची बस, दुसऱ्या बाजूला रिक्षांची रांग आणि मधे हा डोंगर! आजीनं माझ्या हातात पाच रुपयांचं नाणं ठेवलं, मी ते सोंडेत दिलं, सोंडेनं ते वर बसलेल्या माहुताकडे पोचवलं आणि मग तीच ओलसर, खरखरीत सोंड माझ्या डोक्यावर टेकली. "नमस्कार कर, बाप्पा आलाय दारात," आजी म्हणाली. मी नमस्कार केला आणि हातातला उरलेला अर्धा वडापावही देऊन टाकला. एका सेकंदात गायब! पुढचा आठवडाभर शाळेत माझ्याकडे सांगायला दुसरा विषयच नव्हता.

तो अर्धा वडापाव मला नंतर फार वर्षांनी आठवला. जून २०१३ मध्ये.

तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. ऑफिस अंधेरीला, घर मुलुंडला. मेट्रो सुरू व्हायला अजून एक वर्ष बाकी होतं, त्यामुळे दादरला गाडी बदलायची, दोन्ही वेळा चेंगरायचं आणि साडेआठला घरी येऊन सोफ्यावर पडायचं, असं एकूण आयुष्य. आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कोण राहतं, हे मला दारावरच्या पाट्या वाचून माहीत. लिफ्टमध्ये भेटलो तर सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायचे. भांडण नव्हतं हं कुणाशी. नुसतं काहीच नव्हतं.

आणि एके दिवशी बातमी आली की मुलुंडमध्ये एक हत्तीण रस्त्यावर कोसळलीय आणि तिला उठता येत नाहीये.

नाव बिजली, वय ५८. अगदी लहान पिल्लू असताना या शहरात आणलेली. त्यानंतरचं पन्नासहून जास्त वर्षांचं आयुष्य मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागत आणि लग्नाच्या वरातींत नवरदेवाच्या पुढे उभं राहत गेलेलं. वजन प्रमाणाबाहेर वाढलेलं, पाय आणि सांधे पार खलास. 'अॅनिमल्स मॅटर टू मी' या मुंबईतल्या संस्थेचे लोक तिच्यासाठी धावून आले होते.

मी काही प्राणीवेडी वगैरे नाही. एका शनिवारी गेले ती खरं सांगायचं तर बघायला. सगळे जात होते म्हणून. आणि तिथे जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. हत्ती झोपलेला आपण चित्रात बघतो तेव्हा किती गोड वाटतो ना? प्रत्यक्षात आजारी हत्तीनं आडवं पडणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. एवढं अवाढव्य शरीर एका कुशीवर पडलं की त्याचं स्वतःचंच वजन त्याच्या जिवावर उठतं. खालच्या बाजूचे स्नायू दबतात, रक्त नीट फिरत नाही, फुप्फुसांवर दाब येतो, श्वास अपुरा पडायला लागतो. म्हणून पट्टे लावून, क्रेननं उचलून तिला उभं करायचा आटापिटा चालला होता. ती उभी राहिली की माणसांचा जीव भांड्यात पडायचा. पण ज्या पायांवर उभं राहायचं तेच गेलेले. वर पाऊस.

आणि माणसं! रिक्षावाले, कॉलेजची पोरं, भाजीवाल्या मावशी, ऑफिसची बॅग खांद्याला लावून आलेले माझ्यासारखे. कुणी कलिंगडं आणली होती, कुणी केळ्यांचा घड, कुणी छत्री धरून नुसतंच उभं. मी वळून बघते तर शेजारी आमच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू! चार वर्षं एका लिफ्टमधून वर-खाली केलं, बोललो पहिल्यांदा तिथे. काकूंनी सांगितलं की त्यांच्या लग्नात दारात हत्ती आला होता आणि त्या घाबरून मागच्या दारानं मांडवात शिरल्या होत्या. हे ऐकून पुढे उभे असलेले एक रिक्षावाले काका वळले आणि त्यांनी त्यांची हत्तीची गोष्ट सांगितली. मग एका गुजराती बेननी त्यांची. प्रत्येकाकडे एक गोष्ट होतीच! सोंड डोक्यावर ठेवली, दुसऱ्या दिवशी रिझल्ट लागला. बाळाला हत्तीच्या पोटाखालून नेलं, त्याचं दचकणं थांबलं. हसत होतो आम्ही, रडतही होतो.

एक शाळकरी मुलगा गर्दीतून पुढे घुसला. हातात कागदात गुंडाळलेला वडापाव. तिथे काम करणाऱ्या एका मुलीनं त्याला अडवलं आणि समजावून सांगितलं की हे नको, असलंच काय काय खाऊन तिची ही दशा झालीय. मुलगा हिरमुसून मागे सरकला. आणि मला धप्पकन माझा अर्धा वडापाव आठवला.

त्या रात्री घरी येऊन मी नेटवर वाचत बसले. मोठा हत्ती दिवसाला साधारण दीडशे किलो चारापाला खातो. गवत, फांद्या, साली. त्यातलं अर्ध्याहून जास्त न पचताच बाहेर पडतं, म्हणून जंगलातला हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ चालत आणि खात असतो. त्याच्या तळपायाला आत चरबीची जाड गादी असते, मऊ मातीवर चालण्यासाठी बनलेली. आपण त्याला डांबरावर चालवतो, काँक्रीटवर साखळीनं उभं करतो. माणसानं पाळलेल्या हत्तींचे पाय सडणं आणि सांधे धरणं ही त्यांच्या मरणाच्या मोठ्या कारणांपैकी एक. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. बाप्पाच्या पायाखाली काय आहे, हे बघायचं असतं, असं आजीला तरी कुठे कुणी सांगितलं होतं?

साधारण दोन आठवडे हे चाललं. आम्ही काही जणांनी एक ग्रुप केला होता, बिजली कशी आहे हे एकमेकांना कळवायला. ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून ते मेसेज वाचायचे. अमिताभ बच्चननी ट्विट केलं आणि मुलुंडची बिजली देशभर पोचली. तोपर्यंत आमच्या मजल्यावर कुणाच्या घरी किती वाजता कुकर लागतो, हेही मला कळायला लागलं होतं, कारण आता दारं उघडी असायची. "काय गं, उठली का?" असं काकू जिन्यातून विचारायच्या, ते माझ्याबद्दल नसायचं!

३० जूनला, रविवारी पहाटे बिजली गेली.

आमचा ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग कुणीतरी फोटो टाकला, कुणी फुलांचे. आणि काकूंनी, ज्यांना धड टाइप करता यायचं नाही, त्यांनी एक ओळ लिहिली. 'आपण सगळे इतकी वर्षं कुठे होतो?' त्यावर कुणी काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार? पन्नास वर्षं ती आमच्या समोरून चालत होती. आम्ही तिच्यावर प्रेमच करत होतो. नाणी देत होतो, वडापाव देत होतो. लंगडतेय हे बघायला आम्ही तिच्या पायांकडे कधी बघितलंच नाही. आमची नजर सोंडेवर.

हे सगळं मला पुन्हा उकरावं लागलं ते २०२५च्या जुलैमध्ये, आणि तेही ऑफिसच्या कँटीनमध्ये. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मुलगा शिरोळ तालुक्यातला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी, तिथल्या लोकांची माधुरी, १९९२ पासून मठात होती. तिचे पाय, सांधे, एकटेपणा यावरून प्रकरण कोर्टात गेलं. १६ जुलैला मुंबई हायकोर्टानं तिला जामनगरच्या 'वनतारा'त हलवायला सांगितलं. धार्मिक कामासाठी हत्ती वापरण्याच्या माणसांच्या हक्कापेक्षा हत्तिणीचा चांगलं जगण्याचा हक्क कोर्टानं मोठा मानला. २८ जुलैला सुप्रीम कोर्टानंही मठाची याचिका फेटाळली आणि माधुरीला नेलं. गाव अक्षरशः रस्त्यावर आलं. बायकापोरं ढसाढसा रडली. ३ ऑगस्टला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेले, ४५ किलोमीटर! नुसते जैन नव्हे, सगळ्या जातिधर्मांचे. 'वनतारा' रिलायन्सवाल्यांचं, म्हणून लोकांनी जिओचे नंबर पोर्ट केले. आमच्या या पठ्ठ्यानंही केला, ऑफिसात बसून.

"आमच्या घरातली पोर नेलीय," तो म्हणाला. मी म्हणाले, "अरे, पण पाय बघितलेस का तिचे?" झालं! दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आला आणि विचारलं, "तू मुलुंडचं काय सांगत होतीस?" मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्याकडे तिला प्रेमानं काय काय द्यायचे लोक. मीपण दिलंय." आणि पुढे, "पण मॅडम, तुमच्या हत्तिणीला मरताना तरी माणसं होती. आमची तिकडे गेल्यावर कुणाला हाक मारेल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, खोटं कशाला बोलू? एवढंच कळलं की तो काही वेडा नाही आणि मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हत्ती काय रोज येतो का दारात? नाही येत. गेल्या कित्येक वर्षांत मी तरी मुलुंडच्या रस्त्यावर हत्ती पाहिलेला नाही. पण आमच्या गेटवर काळू येतो.

काळू म्हणजे डाव्या कानाला खाच असलेला, एका डोळ्यावर पांढरा ठिपका असलेला, सोसायटीच्या पंपरूममागे राहणारा कुत्रा. कानाची ती खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, हे मला काकूंनी शिकवलं. हो, त्याच काकू! बिजलीचा आमचा ग्रुप मोडला नाही, फक्त त्याचं नाव बदललं. त्यातल्या पाच-सहा जणांनी पुढच्या काही वर्षांत गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी करून घेतली, दर वर्षी रेबीजची लस टोचून घेतात, पैसे वर्गणी काढून. आणि कुत्रा ऑपरेशननंतर परत त्याच गल्लीत सोडायचा असतो, कारण ती जागा रिकामी ठेवली तर दुसरे, नसबंदी न झालेले कुत्रे येऊन बसतात. हा फंडा मला आधी उलटाच वाटायचा.

सगळं गोडगोड आहे असं नाही हं. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले आणि सोसायटीच्या ग्रुपवर महायुद्ध पेटलं. आधी दिल्लीतले कुत्रे शेल्टरमध्ये टाका म्हणून ११ तारखेला, मग नसबंदी आणि लस करून परत सोडा, पण रस्त्यात कुठेही खायला घालू नका, ठरलेल्याच जागी घाला, असं २२ तारखेला. सहाव्या मजल्यावरच्या एका आईनं लिहिलं की तिच्या मुलीला क्लासला जाताना भीती वाटते. तिला कुणी 'हार्टलेस' म्हटलं. मला ते अजिबात पटलं नाही. मुलीची भीती खरी आहे. लिफ्टबाहेर दूधभात सांडून ठेवणारे आमच्याकडे होते, आणि त्या दूधभातावरून कुत्र्यांची भांडणं पोरांच्या पायांत व्हायची. यात काळूचा काय दोष?

जनरल बॉडी झाली. खुर्च्या कमी पडल्या, असं आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच घडलं. २०२३च्या नियमांतच आहे की खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून लांब हवी. काकू तो कागद प्रिंट काढून घेऊन आल्या होत्या, खालच्या ओळी पिवळ्या केलेल्या. दोन तास आरडाओरडा. शेवटी ठरलं: पंपरूमच्या मागे, सकाळी साडेसहा आणि रात्री साडेदहा, पाणी वेगळ्या भांड्यात, खाऊन झाल्यावर जागा धुवायची. लसीकरणाचं कार्ड नोटीस बोर्डवर. सहाव्या मजल्यावरची ती आई म्हणाली, कार्डावरच्या तारखा ती स्वतः तपासणार. आणि तपासते. मागच्या वेळी लसीची तारीख जवळ आली तेव्हा पहिला मेसेज तिचाच होता.

बुधवार माझा. परवा सकाळी मी भात आणि उकडलेली अंडी घेऊन खाली गेले तर चौथ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेला मुलगा ऑफिसला निघता निघता काळूला पार्ले-जीचा अख्खा पुडा भरवत होता. काळूची शेपटी पंख्यासारखी फिरत होती. मी म्हटलं, "अरे, नको देऊस. साखर आहे ती. आणि इथे गेटवर नको."

"पण त्याला किती आवडतंय बघा ना!" तो म्हणाला. चेहरा अगदी त्या वडापाववाल्या पोरासारखा पडला होता.

माझी ८.१७ची लोकल होती. तरी मी भांडं खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, "तुला पाच मिनिटं आहेत का?"