दगडी भिंतीचा भरवसा

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या गावांत घर म्हणजे दगडाचे. चिखलात रचलेल्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा, चोराचिलटापासून संरक्षण. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवातून मनाने नियम बांधला: दगडाचे घर भक्कम. ज्या संकटांवरून तो बांधला गेला, त्यांच्यापुरता तो खराही होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि भोवतालची गावे क्षणार्धात ढिगारे झाली. ज्या भिंतींच्या भरवशावर माणसे निजली होती, त्यांनीच त्यांना गाडले. हजारो जीव गेले.

चूक ग्रामस्थांचीच नव्हती. दख्खनचा पाषाण स्थिर आहे, असा विद्वानांचाही समज होता. भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९६७ मध्ये कोयनेने त्या समजाला तडा दिला होता. १९९२ मध्ये खुद्द किल्लारी परिसरात लहान धक्केही जाणवले होते. तरीही नियम टिकला, कारण मनाला अनुकूल उदाहरणे मोजण्याची सवय असते.

जैन न्यायशास्त्राने हा धोका ओळखला होता. माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ या ग्रंथात तर्काला प्रमाण मानले आहे, आणि व्याप्ती, म्हणजे सर्वत्र लागू होणारा संबंध, जाणणे हे त्याचे कार्य सांगितले आहे. अग्नी असेल तरच धूर असतो, एवढे पाहून भागत नाही. अग्नी नसेल तेथे धूर नसतोच, हेही पडताळावे लागते. हा दुसरा शोध बुद्धी एकटी करू शकत नाही. जे अद्याप घडलेले नाही, ते डोळ्यांपुढे उभे करण्यासाठी कल्पनाशक्ती लागते. ही भिंत हलली तर? एवढा प्रश्न कोणाला सुचला असता तर!

भूकंपानंतर उलट नियम रुजला: दगड म्हणजे मृत्यू. तोही अर्धाच खरा. भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे लांब दगड आणि काँक्रीटचे आडवे पट्टे घातल्यास दगडी घरही बरेच सुरक्षित होते, हे अभियंते सांगत राहिले. दोष दगडात कमी, बांधणीत अधिक होता.

कल्पनाशक्तीचे एक उजळ उदाहरणही याच आपत्तीतले आहे. संकटात अन्न, वस्त्र, निवारा द्यावा, हा मदतीचा रूढ नियम. शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने त्यापुढे जाऊन भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १२०० मुले पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढील दहा वर्षांचे चित्र मनात रंगवल्यावाचून असा निर्णय घेता येत नाही.

पेढीवरही आपण नियमांवरच चालतो. अमुक गावची उधारी बुडतेच, अमुक माल दिवाळीनंतर चढतोच. नियमांवाचून व्यापार होत नाही. प्रत्येक गिऱ्हाईक नव्याने पारखायला आयुष्य पुरणार नाही. परंतु प्रत्येक नियमाआधी ‘स्यात्’ लावावे. ‘स्यात्’ म्हणजे केवळ ‘कदाचित’ नव्हे. ‘कोणत्या अपेक्षेने’ हा प्रश्न आहे. हा नियम किती वर्षांच्या, कोणत्या माणसांच्या अनुभवावरून बांधला? त्यात न बसणारे गिऱ्हाईक दाराशी आले, तर आपल्याला ते दिसेल का?

नियम भिंतीसारखा असावा. आसरा द्यावा, मात्र त्याचे सांधे अधूनमधून तपासत राहावे.