जोड न मिळालेला चार्ली बर्ली

जत्रेच्या मैदानात पैलवान लंगोट लावून, हात उंचावून जोड मागत फिरतो. ज्याच्यात हिंमत असेल त्यानं पुढं येऊन हात द्यायचा. कुणी आलं नाही, तर तेही सगळ्या गावानं पाहिलेलं असतं आणि संध्याकाळी पारावर त्याचा हिशेब होतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ही सोय नाही. तिथं जोड ठरते ऑफिसात, मॅनेजर आणि प्रमोटर यांच्यात. एखाद्याला टाळायचं तर 'नाही' म्हणायचीही गरज पडत नाही. मानधनाचा आकडा वाढवायचा, तारीख पुढं ढकलायची, की काम झालं.

पिट्सबर्गच्या चार्ली बर्लीची सगळी कारकीर्द अशा ऑफिसांच्या दाराबाहेर गेली. जन्म 1917 चा, वडील कृष्णवर्णीय खाणकामगार, आई आयरिश. 1936 मध्ये हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकच्या निवड चाचणीला जायला त्यानं नकार दिला आणि त्याऐवजी बार्सिलोनात भरणाऱ्या 'जनतेच्या ऑलिंपिक'साठी अमेरिकी संघातून तो स्पेनला गेला. स्पर्धा सुरू होण्याआधीच यादवी पेटली. पोरगं न खेळताच घरी परतलं. पुढं जे घडणार होतं त्याची ही जणू रंगीत तालीमच.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तो 83 लढती जिंकला. कुणीही त्याला नॉकआउट करू शकलं नाही. एरवी त्याचं वजन 150 पौंडांच्या आसपास, पण 1942 मध्ये तो जे. डी. टर्नर नावाच्या, त्याच्यापेक्षा सुमारे 70 पौंडांनी जड हेवीवेटसमोर उभा राहिला आणि सहा फेऱ्यांनंतर टर्नरच पुढं खेळेना. एप्रिल 1944 मध्ये हॉलिवुडात त्यानं आर्ची मूरला एकाहून अधिक वेळा खाली पाडून गुणांवर हरवलं. हाच मूर पुढं लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला, तरी आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सर्वांत सरस, असं तो म्हातारपणीही सांगत असे.

बर्लीच्या लढतीचं चित्रीकरण जवळजवळ उरलेलंच नाही. 1946 ची, ओकलंड बिली स्मिथविरुद्धची एक फिल्म तेवढी आहे. मी ती बऱ्याचदा पाहिली आहे. बर्लीचे हात कमरेपाशी, चेहरा उघडा. पाहणाऱ्याला वाटावं की गडी आळसावलाय. स्मिथचा ठोसा येतो तेव्हा पाय जागेवरच असतात, फक्त कंबरेपासून वरचं अंग ठोशापुरतं, तेवढंच बाजूला होतं. त्याच झोक्यातून उजवा हात सुटतो, तोही अशा कोनातून की स्मिथला तो दिसायला उशीर होतो. यात धूमधडाका नाही. जाणकार खूश होतात, पण शेवटच्या रांगेतल्या तिकिटवाल्याला रक्त हवं असतं.

गोची इथंच होती. त्याच्याशी लढून हरण्याची शक्यता मोठी आणि जिंकलं तरी गल्ला लहान. फ्रिट्झी झिव्हिक या पिट्सबर्गच्याच बॉक्सरनं तीन लढतींपैकी दोन बर्लीकडून गमावल्या. त्यानंतर झिव्हिकच्या गोटानं बर्लीचा करारच विकत घेतला, असं बॉक्सिंगचे अभ्यासक सांगतात. ज्याला रिंगमध्ये आवरता येत नाही त्याला आपल्याच दावणीला बांधायचं. 1940 मध्ये झिव्हिक हेन्री आर्मस्ट्राँगला हरवून वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. बर्ली बघत राहिला.

मग युद्ध आलं. वेल्टरवेटचा विजेता रेड कॉक्रेन आणि मिडलवेटचा टोनी झेल, दोघंही नौदलात गेले आणि दोन्ही किताब 1946 पर्यंत कुलूपबंद राहिले. बर्ली तेव्हा ऐन भरात, पंचविशी ते अठ्ठाविशीत. या काळात तो आणि त्याच्यासारखेच दुर्लक्षिलेले होल्मन विल्यम्स, कोको किड, लॉइड मार्शल, जॅक चेस हे कृष्णवर्णीय बॉक्सर एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढत राहिले. बर्ली आणि विल्यम्स तर सात वेळा. लेखक बड शुलबर्ग यांनी या टोळक्याला 'मर्डरर्स रो', म्हणजे खुन्यांची रांग, असं नाव दिलं. नाव झकास, पण नावानं पोट भरत नाही.

शुगर रे रॉबिन्सननं बर्लीला टाळलं, ही बोलवा आजही ऐकू येते. रॉबिन्सनला भित्रा म्हणणं मला पटत नाही. जेक लामोटासारख्या रेड्याशी तो सहा वेळा लढला. पण लामोटाशी लढलं की स्टेडियम भरायचं, बर्लीशी लढलं असतं तर फक्त डोकं दुखलं असतं. वर्णभेद खराच, पण तो एकटा पुरत नाही. रॉबिन्सन स्वतः कृष्णवर्णीय होता.

याचं सगळ्यात कडू उदाहरण एक पिढी आधीचं. नोव्हा स्कोशियाचा सॅम लँगफर्ड उंचीनं जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, पण हेवीवेटना लोळवायचा. 1906 मध्ये जॅक जॉन्सननं त्याला हरवलं. 1908 मध्ये जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, आणि मग त्यानंच लँगफर्डला दारात उभं केलं नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गोरा प्रेक्षक पैसे मोजत नाही, हे गणित त्याला पाठ होतं. लँगफर्डची दृष्टी गेली, तरी तो लढत राहिला. 1923 मध्ये जवळजवळ आंधळा असताना त्यानं मेक्सिकोचा किताब जिंकला. 1944 मध्ये पत्रकार अल लेनीला तो हार्लेममधल्या एका अंधाऱ्या खोलीत सापडला.

दार उघडलं तरी किंमत मोजावी लागे. मूरला जगज्जेतेपदाची पहिली संधी डिसेंबर 1952 मध्ये मिळाली, कारकिर्दीच्या सतराव्या वर्षी. विजेत्या जोई मॅक्झिमला हमीचे 1 लाख डॉलर, मूरच्या हाती 800. शिवाय मॅक्झिमच्या मॅनेजरला मूरच्या पुढच्या कमाईत वाटा. मूरनं सही केली, जिंकला आणि किताब जवळजवळ दहा वर्षं सांभाळला.

बर्लीपुढं असा अपमानकारक कागदसुद्धा कुणी ठेवला नाही. 1950 मध्ये त्यानं ग्लोव्हज उतरवले आणि पिट्सबर्ग नगरपालिकेच्या कचरागाडीवर नोकरी धरली. हिल डिस्ट्रिक्टमधल्या त्याच्या घरासमोर एक पोरगा राहायचा, ऑगस्ट विल्सन. त्या पोरानं मोठेपणी 'फेन्सेस' हे नाटक लिहिलं. त्याला 1987 चं पुलित्झर मिळालं. नाटकातला ट्रॉय मॅक्सन हा एके काळचा जबरदस्त खेळाडू कचरागाडीवर काम करतो आणि आपल्याला संधी नाकारणाऱ्यांवर घरात, अंगणात आयुष्यभर धुमसत राहतो. विल्सननं त्याला बेसबॉलपटू केलं, पण मूळ माणूस समोरच्या घरातलाच. फरक इतकाच, की ट्रॉय बडबड्या आहे. बर्ली आपल्या हुकलेल्या किताबाबद्दल फारसं बोलत नसे.