पुस्तकं कपाटात लावायला एम.लिब. कशाला? सेमिनारमध्ये नेमकं काय होतं?

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारा-घेणारा आणि ती कपाटात लावणारा माणूस, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं असेल, तर ग्रंथालय व माहितीशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. या अभ्यासक्रमात व्याख्यानांइतकंच महत्त्व सेमिनारला असतं.

सेमिनार म्हणजे काय?

व्याख्यानात शिक्षक बोलतात आणि विद्यार्थी लिहून घेतात. सेमिनारमध्ये एक विद्यार्थी विषयाचा अभ्यास करून तो वर्गापुढे मांडतो. बाकीचे त्याला प्रश्न विचारतात आणि शिक्षक प्रत्येक विधानाला आधार मागतात. वरवर साधा वाटणारा एक प्रश्न इथे तासभर पुरतो: हे पुस्तक कुठे ठेवायचं?

त्यात वाद घालण्यासारखं काय आहे?

अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात सगळं ज्ञान दहा मुख्य वर्गांत विभागलेलं आहे. धर्माला 200 ते 299 हे क्रमांक मिळाले. त्यातला मोठा भाग, म्हणजे 220 ते 289, बायबल आणि ख्रिस्ती धर्मासाठी आहे. बाकी जगातले धर्म 290 ते 299 मध्ये दाटीवाटीनं बसवले आहेत. बौद्ध धर्म 294.3, हिंदू धर्म 294.5, इस्लाम 297.

साहित्यातही तेच. इंग्रजी साहित्याला 820 हा सुटसुटीत क्रमांक आहे, तर मराठी साहित्याला 891.46.

मग हे बदलत का नाहीत? दुरुस्त्या होत असतात. पण एक क्रमांक बदलला, की जगभरातल्या ग्रंथालयांना पुस्तकांवरची लेबलं, नोंदी आणि कपाटांतल्या जागा बदलाव्या लागतात. न्याय्य मांडणी हवी, की वाचकाला सवयीची? सेमिनारमध्ये दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

भारतीय उत्तर कोणतं?

गणिताचे प्राध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी 1933 मध्ये 'कोलन' वर्गीकरण मांडलं. प्रत्येक विषयासाठी आधीच एक खण ठरवण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू वेगळे केले. 'भारतातील क्षयरोगावरील उपचार' या विषयात अवयव, रोग, उपचार आणि देश असे पैलू निघतात. ते जोडून क्रमांक तयार होतो.

ऑनलाइन खरेदी करताना रंग, माप आणि किंमत असे फिल्टर लावले जातात. त्यामागचं तत्त्व हेच आहे. रंगनाथन यांचा जन्मदिन मानला जाणारा 12 ऑगस्ट भारतात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो.

एका शब्दानं काय फरक पडतो?

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांसाठी 'इल्लीगल एलियन्स' असा शब्द होता. डार्टमाऊथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये त्याला आक्षेप घेतला आणि तिथल्या ग्रंथपालांनी त्यांना साथ दिली. 2016 मध्ये लायब्ररीनं बदल जाहीर केला, पण संसदेतून विरोध झाला आणि तो अडकला. शेवटी 2021 मध्ये 'नॉनसिटिझन्स' आणि 'इल्लीगल इमिग्रेशन' असे दोन वेगळे शब्द आले. माणसाला बेकायदेशीर म्हणायचं की कृतीला, हा त्यातला फरक.

याचा वाचकाशी काय संबंध?

ज्या पुस्तकाची नोंद चुकीच्या शब्दाखाली झाली, ते कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही. चुकीच्या हॅशटॅगखाली गेलेल्या पोस्टचंही तेच होतं. म्हणून शब्द आणि जागा ठरवणाऱ्यानं 'असंच का?' हे विचारायला शिकावं लागतं. सेमिनार त्यासाठीच असतो.

पुढच्या वेळी ग्रंथालयात गेल्यावर मराठी कादंबरीचा कणा पाहा. तिथे ड्यूई पद्धत असेल, तर बहुधा 891.463 हा आकडा दिसेल.