भुंग्याचं घर, भुंग्याची लेक

 नाशिकच्या मळ्यात काळा, घूं घूं करणारा सुतार भुंगा दिसतो. वाळक्या फांद्या, वाड्यांच्या जुन्या तुळया, टोमॅटोच्या मांडवाचे बांबू ही त्याची घरं.

लाकूड कोरते ती मादी, तेही नुसत्या जबड्यांनी. ती लाकूड खात नाही. भुसा बाहेर टाकते. खाली पिवळसर भुसा दिसला की वर पाहा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीचं, गोल गरगरीत भोक दिसेल. आत बोगदा. त्याच्या टोकाला ती पराग आणि मकरंद मळून एक गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि भुशाचा पडदा लावून खोली बंद करते. मग पुढची खोली. हे अंडं कीटकांमधल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी एक.

इथे राणी नाही, कामकरी नाहीत. तरी पिल्लं मोठी झाल्यावर लगेच उडून जात नाहीत. काही काळ आईच्याच घरी राहतात आणि आई त्यांना तोंडाने मकरंद भरवते. काही जातींत एखादी लेक दाराशी पाठ लावून राखण करते. जुना बोगदा पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतो.

नराला नांगी नसतेच. मादी हातात पकडली तरच डंख मारते. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला धरून ती अंग थरथरवते, तेव्हा परागकोशातून पराग झडतात. शेवगा आणि रुईचंही परागीभवन हे भुंगे करतात. म्हणून वाळकी फांदी सरसकट जाळू नये.