रस्त्याकडेचं वाळलं गवत : आग लागण्याआधी मोजा



दसरा गेला, पाऊस सरला, की आपल्या भातकुली तालुक्यातल्या रस्त्यांच्या कडा पिवळ्या पडायला लागतात. कुसळी, गाजरगवत सगळं वाळत उभं असतं. लागूनच धुरा आणि धुऱ्यापाशी सोयाबीनची गंजी. पुढे तुरीचं कुटार, पऱ्हाटीचे ढीग. कोणी विडीचं थोटूक फेकलं, विजेच्या तारा घासून ठिणगी पडली, किंवा कोणी धुरा पेटवून दिला, तर रस्त्याची आग वावरात यायला कितीसा वेळ लागतो? त्यात आपला खारपाणपट्टा. आग लागल्यावर पाणी आणायचं कुठून? म्हणून तिची वाट आधीच तोडलेली बरी.

लेसरने कसं मोजतात?

वाळलेली झाडी मोजायला आता लेसरची यंत्रं निघाली आहेत. ती मोटारगाडीवर, ड्रोनवर किंवा विमानात बसवतात. यंत्रातून प्रकाशाचे बारीक ठोके सेकंदाला हजारो, लाखोंनी सुटतात आणि पानावर, फांदीवर, जमिनीवर आदळून परत येतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. काही ठोके शेंड्यावर अडतात, काही फटीतून जमिनीपर्यंत पोचतात. दोन्हींतला फरक म्हणजे झाडीची उंची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात विजेच्या तारांजवळची झाडी अशी मोजून छाटतात. आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2021 साली महाराष्ट्रासह 10 राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लेसर मोजणीचे अहवाल काढले. ते जंगलात पाणी आणि चारा वाढवण्यासाठी होते, पण मोजायची रीत हीच.

डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून जंगलातल्या आगीची खबर मोबाईलवर देते. त्या उपग्रहाचा एक ठिपका 375 मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे 35 एकर! शिवाय तो आग लागल्यावर सांगतो. लेसर मात्र पेटण्याआधीचा माल दाखवतो. मेळघाटच्या जंगलात उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करतात, तीही याच हिशोबाने.

आपली काठी, आपलं मोजमाप

यंत्र गावात येईल तेव्हा येईल. ते ज्या तीन गोष्टी पाहते, त्या आपल्याला काठीनेही पाहता येतात.

1. उंची : वाळलं गवत गुडघ्याला लागतं की कमरेला? जितकं उंच, तितकी ज्वाळ मोठी.

2. सलगपणा : रस्त्यापासून गंजीपर्यंत गवत तुटत नसेल, तर आगीला ती सरळ पांदण मिळाली समजा.

3. शिडी : गवतावरून आग झुडपात आणि झुडपातून झाडावर चढते. झुडूप 3 फूट उंच असेल, तर वरची फांदी झुडपाच्या शेंड्यापासून किमान 9 फूट वर हवी.

काय करावे?

• गवत वाळण्याआधीच कापा. बी धरण्याआधी कापलेलं गाजरगवत नाडेपच्या टाक्यात घाला, खत होईल.

• रस्त्याकडच्या धुऱ्याला लागून आतल्या बाजूने वखराच्या पाळ्या देऊन 10 ते 12 फूट पट्टा काळा करा. गवत उंच असेल तर पट्टा त्याच्या उंचीच्या तिप्पट तरी ठेवा. वारा जास्त असेल तिथे आणखी रुंद करा.

• गंजी रस्त्याला लागून किंवा तारांखाली लावू नका. एकच मोठी लावण्यापेक्षा अंतर राखून दोन लावा. एक गेली तरी दुसरी वाचेल.

• धुरा पेटवू नका. वाऱ्याला धुऱ्याची हद्द कळत नाही. आग शेजाऱ्याच्या पिकात गेली तर नुकसान त्याचं होतं आणि भांडण दोघांचं.

• रस्त्याकडची मोठी झाडं आपल्या मालकीची नसतात. त्यांची छाटणी ग्रामपंचायतीमार्फत संबंधित खात्याला सांगून करवून घ्या. तारांजवळच्या फांद्यांना स्वतः हात लावू नका, वीज कार्यालयाला कळवा.

एकट्याने पट्टा करून भागत नाही. मधल्या एका वावराने तो सोडला, तर आग तिथूनच आत शिरते. म्हणून सोयाबीन काढणीआधी एका पांदणीवरच्या सगळ्यांनी एक दिवस ठरवावा, काठी घेऊन रस्त्याच्या कडेने फिरावं आणि पट्टा सलग करावा. वर्षभराची मेहनत त्या गंजीत असते. तिच्यासाठी एक दिवस फार नाही.