लिंबू-टिंबूचा न्याय

मुंबईत घोडपदेवच्या चाळींत लपाछपी रंगात आली की एखादे चार वर्षांचे धाकटे भावंड हटकून मागे लागते. मोठी मुले त्याला लिंबू-टिंबू म्हणून खेळात घेतात. ते सापडले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ही सवलत कोणा वडीलधाऱ्याने दिलेली नसते. सर्वांना सारखाच नियम लावला तर लहानग्यावर अन्याय होईल, एवढा विचार आठ-दहा वर्षांच्या मुलांनी आपसांत केलेला असतो. मुलाची नीतिबुद्धी उपदेशापेक्षा अशा बरोबरीच्या व्यवहारात अधिक वाढते, असे माझे ठाम मत आहे.

या मताला पहिला भक्कम आधार दिला मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी. स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचा अभ्यास करून त्यांनी १९३२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले, म्हणून अटळ वाटत; दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास मात्र सर्वांच्या संमतीने ते बदलता येतात, हे उमगे. चुकून पंधरा कप फोडणारा मुलगा चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडणाऱ्यापेक्षा अधिक दोषी, असे लहानांना वाटे. नुकसान दिसे, हेतू दिसत नसे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८च्या प्रबंधापासून हा शोध प्रौढपणापर्यंत नेला : आधी शिक्षेची भीती आणि स्वार्थ, मग समाजाची मान्यता आणि कायदा, आणि थोड्यांच्याच बाबतीत तत्त्वनिष्ठ विचार. दोघांनीही लहानांना कमी लेखले. बाईंनी परवानगी दिली तरी दुसऱ्याला मारणे वाईटच, हे बालवाडीतील मुलांनाही कळते, असे एलियट ट्युरिएल यांच्या परंपरेतील संशोधनातून पुढे आले. कोहलबर्ग यांच्या मूळ अभ्यासात फक्त मुलगेच होते, ही कॅरल गिलिगन यांची टीकाही रास्त होती.

अधिक गंभीर आक्षेप असा, की ही सारी पाश्चात्त्य चौकट आहे. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली भुवनेश्वरमधील अभ्यास मांडला. विधवेने मासे खाणे हा तेथील ब्राह्मण मुलांना नैतिक अपराध वाटत होता. मग रूढी हीच नीती म्हणायची का? याचे उत्तर परळच्या बीआयटी चाळीत बरीच वर्षे काढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दिले आहे. नियम सवयीने पाळले जातात, तत्त्व माणसाला विचार करायला आणि जबाबदारी घ्यायला लावते, असा भेद त्यांनी केला. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांचे गुरू होते. कोहलबर्ग यांनीही ड्युईंचे ऋण मानले. जातीचे नियम ज्याने सोसले त्यानेच ही कसोटी हाती घेतली, तेव्हा तिला परकी म्हणण्यात अर्थ नाही.

मुलांचा आपसांतला व्यवहार निर्दोष नसतो, हे खरेच. दादागिरी असते, मुलींना ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणून घालवले जाते, जातही कानावर पडलेली असते. म्हणूनच मोठ्यांची गरज आहे, पण प्रश्न विचारण्यापुरती. मोशे ब्लॅट आणि कोहलबर्ग यांनी १९७५ साली दाखवले, की वर्गात पेचप्रसंगांवर मोकळी चर्चा झाली तर मुलांचा नैतिक विचार पुढची पायरी गाठू शकतो.

पण बरोबरीच्या या व्यवहाराला जागाही लागते. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. जुन्या चाळींचे मजले आणि गॅलऱ्या शहरभर कमी होत आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना कळकळीची विनंती आहे : आराखडा मंजूर करताना मोटारींच्या आधी मुलांसाठी मोकळी जागा मागा, आणि तिथे भांडण झाले तर लगेच निवाडा द्यायला धावू नका.