स्प्रिंगची आतली बाजू

मोटारसायकल खड्ड्यात आदळली की मागच्या शॉकअपची स्प्रिंग दबते, हे कुणालाही दिसतं. दिसत नाही ते हे, की दबताना तिची तार पिळली जात असते. वेटोळी उलगडली तर स्प्रिंग म्हणजे एक लांब पोलादी कांब. शॉकअप खाली बसतो तेव्हा त्या कांबीला लांबीभर पीळ बसतो. त्याचा ताण तारेच्या गाभ्यात जवळपास नसतो, पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो. त्यातही वेटोळ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या दांड्याकडे तोंड असलेल्या बाजूला, तो बाहेरच्यापेक्षा अधिक. खराब रस्त्यावर तासाभरात हे हजारो वेळा घडतं. त्या आतल्या बाजूला गंजाने टाचणीच्या टोकाएवढा जरी खळगा पाडला, तरी चीर पडायला तेवढी जागा पुरते.

गाडीवरच ब्रश फिरवून किंवा स्प्रे कॅन मारून रंगवलेली स्प्रिंग बाहेरून झकास दिसते, पण सर्वाधिक ताणाच्या जागी तो रंग पोचलेलाच नसतो. तळाच्या वेढ्यात, जिथे चिखल आणि पाणी साचून राहतं, तिथेही नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे हीच जागा आधी खराब होते. म्हणून रंगवायची तर स्प्रिंग उतरवूनच रंगवावी, आणि एवीतेवी उतरवलीच आहे तर ती पुन्हा बसवण्याच्या लायकीची आहे का, हेही पाहून घ्यावं.

उघडी, रंगीत स्प्रिंग मिरवण्याची हौस तशी अलीकडची. मोटारसायकलींना सुरुवातीला मागे शॉकअप नसतच. सीटखालच्या दोन स्प्रिंगांवर स्वाराची कंबर सांभाळली जाई. 1949 मध्ये बाजारात आलेली रॉयल एनफिल्ड बुलेट ही मागे हलता चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, आणि दोन शॉकअप असलेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. म्हैसूरच्या जुन्या जावा-येझदीच्या स्प्रिंगा पत्र्याच्या नळकांड्यांत झाकलेल्या असत. ती झाकणं गेली, वजन आणि खर्च वाचला, आणि स्प्रिंगचा सगळा बचाव तिच्या अंगावरच्या रंगाच्या थरावर येऊन पडला.

दोन शॉकअपच्या साध्या गाडीवर, समजा स्प्लेंडर किंवा बुलेटवर, शॉकअप उतरवणं अवघड नाही. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाचा, कॉलर सर्वांत ढिल्या खाचेत आणायचा, वरखालचे डोम नट सोडवायचे आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. एका वेळी एकच बाजू काढली तर दुसऱ्या बाजूचा शॉकअप चिमटा जागेवर धरून ठेवतो. मोनोशॉकच्या गाडीत ही सोय नाही. तिथे फ्रेमला आधार द्यावा लागतो आणि स्प्रिंगही कितीतरी कडक असते, त्यामुळे ते काम वर्कशॉपकडे दिलेलं बरं.

खरी जोखीम पुढे आहे. शॉकअपमध्ये स्प्रिंग मोकळी बसलेली नसते, दाबून कोंडलेली असते. उदाहरणादाखल हिशेब करू: स्प्रिंग मिलिमीटरला 2 किलो इतकी कडक आणि बसवताना 25 मिलिमीटर दबलेली असेल, तर लॉक निघताक्षणी 50 किलोचा जोर मोकळा होतो. काही शॉकअपमध्ये वरच्या टोपीखाली दोन अर्धगोल काप असतात, काहींत वरचा डोळा दांड्यावर आट्यांनी बसवून लॉकनटने आवळलेला असतो. बऱ्याच गॅरेजांत एक जण स्प्रिंग अंगाच्या भाराने दाबतो आणि दुसरा काप ओढून काढतो. रोज करणाऱ्यांचं ते निभावतं. घरी मात्र आट्यांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. सामान बांधायच्या पट्ट्यांनी किंवा दोरीने स्प्रिंग आवळून हे काम करणं म्हणजे बोटांशी पैज लावणं.

स्प्रिंग निघाली की हातात राहतो नुसता डँपर. या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा क्षण हाच, आणि नेमका तोच घाईत वाया जातो. धक्का पोटात घेण्याचं श्रेय लोक स्प्रिंगला देतात, पण ती ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते. ती जिरवतं डँपरमधलं तेल, बारीक छिद्रांतून रेटलं जाताना गरम होऊन. डँपर उभा धरून दांडा आत दाबावा आणि बाहेर ओढावा. हालचाल संथ आणि एकसारखी असली, बाहेर ओढताना जास्त जोर लागला, तर तब्येत ठीक. मध्येच दांडा पोकळीत गेल्यासारखा सुटला, तेलाचा ओघळ दिसला किंवा दांड्याच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असले, तर नव्या रंगाने काही साधणार नाही. ते ठिपके सील कापत राहतील. दांडा पक्कडीत धरू नये, आणि गॅसभरला डँपर घरी खोलण्याच्या भानगडीत कुणी पडू नये.

आता स्प्रिंग. मोकळ्या स्प्रिंगची लांबी मोजून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. बसकी झाली असेल तर जोडीच बदलावी. इथे ‘जरा कडक टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तारेची जाडी थोडी वाढली तरी कडकपणा चौथ्या घाताने वाढतो: वेढे आणि व्यास तेच ठेवून 7 ऐवजी 8 मिलिमीटरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे 1.7 पट कडक होते. दोन्ही बाजूंना 40 लिटरचे कॅन अडकवून डेअरीवर जाणाऱ्या दूधवाल्याला ती जाताना सोयीची. कॅन रिकामे करून परतताना मात्र तीच गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते, कारण त्या स्प्रिंगला आवरण्याइतका जोर जुन्या डँपरमध्ये नसतो. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचा वेढा कापणारेही आहेत. वेढे कमी झाले की स्प्रिंग नरम पडत नाही, उलट कडक होते. गॅसच्या ज्योतीने तापवून ती ‘बसवणं’ तर थेट पोलादाचा जीव घेणं.

रंगकामात निम्मे कष्ट रंगाआधीचे. जुना पापुद्रा पेंट रिमूव्हर आणि तारेच्या ब्रशने काढावा, मग पॉलिश पेपरने घासावं. ग्राइंडर मात्र लावू नये. कारखान्यात चांगल्या स्प्रिंगवर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा केलेला असतो. त्याने वरचा पातळ थर घट्ट दाबला जातो आणि चिरेला सहजी वाट मिळत नाही. ग्राइंडरची चकती तो थर खरवडून वर स्वतःचे ओरखडे सोडते. घासल्यावर खोल खळगे किंवा तारेवर तिरपी रेघ दिसली, तर स्प्रिंग भंगारात. तारेला पीळ बसत असल्यामुळे चीर बहुधा अशी तिरपीच जाते.

धड निघालेली स्प्रिंग थिनरने पुसून तारेने टांगावी आणि त्यानंतर तिला उघड्या बोटांनी शिवू नये. आधी प्राइमर, तोही पहिल्यांदा आतल्या बाजूला, वेढ्यांच्या फटींतून तिरपा फवारा मारत, स्प्रिंग थोडी थोडी फिरवत. मग बाहेरून. त्यावर रंगाचे पातळ हात. एकदाच जाड थर दिला तर खालच्या बाजूला ओघळ जमतात, आणि स्प्रिंग हलायला लागली की तेच आधी तडकतात. पावसाळ्यातली दमट हवा रंगावर पांढुरका धूसरपणा आणते, तेव्हा हे काम कोरड्या दिवसासाठी ठेवावं. वरून सुकलेला रंग आतून पक्का व्हायला आणखी काही दिवस लागतात. घाईने कॉम्प्रेसर लावला तर त्याच्या आकड्यांचे वळ उमटतात.

एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून पावडर कोटिंग करून घेता येतं. ते साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजतात. सुट्या स्प्रिंगला ते चालतं, डँपरसकट दिलं तर सील जळतील. क्रोमचा मोह मात्र आवरावा. प्लेटिंगच्या आधीच्या आम्लात आणि प्लेटिंग होताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. मग काही तासांच्या आत स्प्रिंग भट्टीत तापवून तो बाहेर काढावा लागतो. गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे ही पायरी होतेच असं नाही, आणि चकाकणारी स्प्रिंग एके दिवशी विनासूचना मोडते.

जोडणी उलट क्रमाने. वेढे एका टोकाला दाट असतील तर ते टोक वर की खाली, हे मॅन्युअल सांगेल तसं. रबरी बुश फुटलेले असतील तर आताच बदलावेत, नट मॅन्युअलमधल्या मापाने आवळावेत आणि प्रीलोड दोन्हीकडे एकाच खाचेत ठेवावा. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज गॅरेजांतही रुजलेला आहे. प्रत्यक्षात गाडीचं बूड तेवढं वर येतं. शेवटी स्वार बसल्यावर मागची बाजू किती खाली जाते ते टेपने मोजावं; रस्त्यावरच्या गाडीला चाकाच्या एकूण चालीच्या पाव ते एकतृतीयांश ठीक. सर्वांत वरच्या खाचेतही गाडी त्याहून जास्त बसत असेल, तर त्या भाराला ही स्प्रिंग पुरत नाही.